नाकारलेले चोवीस

त्रिएस्ते शहरात चष्मा लावणारी आणि काखेत फाइल धरून भरभर चालणारी कुठलीही बाई 'दोत्तोरेस्सा' असते. खरं तर पदवीधर बाईला द्यायचा हा मान. पण तो देताना पदवी कोण तपासतंय? पोस्टमन देतो, भाजीवाली देते, गाडी भलत्या जागी लावली म्हणून दंडाची चिठ्ठी फाडणारा पोलीससुद्धा आधी "दोत्तोरेस्सा" म्हणतो आणि मग चिठ्ठी फाडतो. नीवेस गोदिनाला गेली तीस वर्षं सगळे दोत्तोरेस्सा म्हणत होते. पहिली दोन वर्षं तिने "नाही हो, मी नुसती नीवेस" असं सांगून पाहिलं. लोकांना तो विनय वाटला आणि मान आणखीच वाढला. मग तिने सांगणं सोडून दिलं. नव्या बुटाची सवय होते तशी त्या शब्दाची सवय झाली; चावायचा, पण चालता यायचं.

ती काम करायची ते ऑल्डन विद्यापीठ तसं लहानसंच. युद्धानंतर शहरात राहिलेलं अमेरिकन सैन्य चौपन्न साली परत गेलं, तेव्हा त्यांच्या मुलांना शिकवणारी मिस ऑल्डन तेवढी मागे राहिली आणि एका बंद पडलेल्या जहाज कंपनीच्या इमारतीत तिने वर्ग सुरू केले. पुढे त्याचं विद्यापीठ झालं. अर्धी मुलं समुद्रापलीकडची, अर्धी इथली आणि जवळच्या सीमेपलीकडची. पदवी अमेरिकेची, जेवण इथलं. एकच विषय धरून इथे कुणी येत नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी थोडा इतिहास, थोडं गणित, चित्रकला, एखादी जुनी भाषा असं सगळं शिकायचं आणि मग काय आवडलं ते ठरवायचं. नीवेसची आई आल्बिना म्हणायची, "ही शाळा म्हणजे लग्नाचं जेवण. सगळ्याचा एकेक घास, आणि पोट कशाने भरलं ते कुणालाच सांगता येत नाही."

नीवेस रजिस्ट्रार होती. म्हणजे कुणी काय शिकलं, किती गुण मिळवले, पदवीला पात्र झालं की नाही, हे तिच्या सहीशिवाय खरं होत नसे. इथले प्राध्यापक तोंडी परीक्षा घेतात आणि तीसपैकी गुण देतात. अमेरिकेला अक्षरं लागतात. तीस म्हणजे ए, सत्तावीस म्हणजे बी प्लस, अठरा म्हणजे काठावरचा डी. हा तक्ता वीस वर्षांपूर्वी तिनेच बसवला होता आणि तो इतका कडक होता की मुलं त्याला 'गोदिनाची गाळणी' म्हणत. त्यात इथली जुनी रीत. प्राध्यापकाने गुण सांगितले की पुढचा प्रश्न असतो, "घेता?" घेतले तर वहीत लिहून सही. नाही घेतले तर काहीच लिहायचं नाही. उठायचं आणि पुढच्या खेपेला परत बसायचं. नाकारलेल्या गुणाची कुठेही नोंद राहत नाही.

अमेरिकन मुलांना हे पचायला अर्धं वर्ष लागे. "म्हणजे सरांच्या तोंडावर 'नको' म्हणायचं? आणि ते चिडत नाहीत?"

"चिडतात," नीवेस सांगायची. "पण परत बसू देतात."

दर दहा वर्षांनी अमेरिकेतून मानांकन समिती यायची. विद्यापीठाचा एकेक अभ्यासक्रम, शिकवणाऱ्यांची पात्रता, ग्रंथालय, गुणपत्रकं, सगळं उलटंपालटं करून बघायची आणि मग ठरवायची की इथली पदवी तिकडे पदवी म्हणून धरायची की नाही. समिती येण्याआधी विद्यापीठाने स्वतःबद्दल एक भलामोठा अहवाल लिहून पाठवायचा असतो. त्या वर्षी तो दोनशे साठ पानांचा झाला. नीवेसने आणि तिच्या हाताखालच्या इलारियाने चार महिने त्याच्याशी झटापट केली. इलारिया सत्तावीस वर्षांची, चटपटीत. तीन भाषांत टाइप करायची आणि तिन्ही भाषांत कुरकुर करायची. शेवटच्या आठवड्यात नीवेस तापाने आजारी पडली. उरलेली परिशिष्टं इलारियाने एकटीने पुरी केली आणि अहवाल शुक्रवारी रवाना झाला.

रविवारी सकाळी नीवेस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी छापील प्रत घेऊन बसली. समोर आई सुपासाठी शेंगा सोलत होती. परिशिष्ट चार, पान दोनशे बारा, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक पात्रता. नीवेसने बोट खाली खाली नेलं आणि ते एका ओळीवर थांबलं.

'डॉ. नीवेस गोदिना, रजिस्ट्रार.'

"काय गं?" आई म्हणाली. "कोण मेलं?"

"कुणी नाही. मला डॉक्टर केलंय."

"बरं झालं. माझा गुडघा बघ."

"आई, थट्टा नको. हे अमेरिकेला गेलंय."

"मग जाऊ दे की. तीस वर्षं सगळं गाव तुला दोत्तोरेस्सा म्हणतंय, तेव्हा नाही बोललीस."

"गाव तोंडाने म्हणतं. हे छापलंय. तिकडे डॉक्टर म्हणजे सगळ्यात वरची पदवी. माझ्याकडे सगळ्यात खालचीसुद्धा नाही."

आल्बिनाने एक शेंग मोडली, दाणे भांड्यात टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं. ती चाळीस वर्षं पोन्तेरोस्सोच्या बाजारात फुलं विकत होती. बोलायच्या आधी हात चालवायची सवय होती. "चोवीसला काय झालं होतं गं तुला?" ती शेवटी म्हणाली. "उद्या याच्याहून टपोरी कळी येईल म्हणून आजचं फूल कुणी फेकतं का?"

तो प्रश्न या घरात वर्षातून दोनतीनदा तरी निघायचा. नीवेस सरकारी विद्यापीठात भाषा शिकत होती. वीसपैकी एकोणीस विषय झाले होते, सगळे अठ्ठावीसच्या वर. विसावा लॅटिन. म्हाताऱ्या प्राध्यापकाने चष्म्यावरून बघत विचारलं, "सिन्योरीना, चोवीस. घेता?" बाहेर बाकावर मैत्रिणी वाट बघत होत्या. वहीत चोवीसचा डाग नको म्हणून बावीस वर्षांची नीवेस ताठ मानेने "नाही, सप्टेंबरात येते" म्हणाली. ऑगस्टात वडील गेले. सप्टेंबरात ती मिस ऑल्डनसमोर उभी होती. "टाइप करता येतं? तीन भाषा येतात? अक्षर बघू," एवढंच म्हाताऱ्या बाईने विचारलं. सहा महिन्यांसाठी धरलेली नोकरी होती. लॅटिनचं पुस्तक कपाटावर गेलं, मग कपाटामागे. आठ वर्षं परीक्षा न दिलेल्यांची नावं सरकारी विद्यापीठाने रीतसर पटावरून काढली, त्यात तिचंही गेलं. एक लग्न झालं, ते तिच्या पदवीसारखंच शेवटच्या विषयावर अडलं. आणि रजिस्ट्रार निवृत्त झाले तेव्हा ती जागा आपोआप तिच्याकडे आली, कारण काम तीच करत होती.

हे सगळं चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी साहित्य शिकवायला आलेल्या एका देखण्या गृहस्थाने अर्जात डॉक्टरेट लिहिली होती. ती पुरी झालेली नव्हती. ते नीवेसनेच पत्र लिहून शोधून काढलं होतं. तो गेला तेव्हा हातात कुंड्यांचं खोकं होतं. तिच्या दारात थांबून म्हणाला होता, "तुमचं कधी काही अर्धं राहिलं नाही वाटतं, दोत्तोरेस्सा?"

सोमवारी तिने इलारियाला पान दाखवलं.

"पण तुमचा रकाना रिकामा होता!" इलारियाचा चेहरा उतरला. "तुम्ही नुसती रेघ मारली होती. मला वाटलं राहून गेलं. तुम्हाला ताप होता, फोन कशाला करायचा म्हणून मी दारावरची पाटी बघितली. पाटीवर दोत्तोरेस्सा लिहिलंय की!"

"दारावर 'ढकला' असंही लिहिलंय," नीवेस म्हणाली, "आणि दार ओढावं लागतं."

ती पाटी सतरा वर्षांपूर्वी रंगाऱ्याने आपल्या मनाने लिहिली होती. इलारियाने तिचं इंग्रजी केलं. इलारियाला स्वतःला पदवी होती, सगळे तिलाही दोत्तोरेस्सा म्हणत. नीवेसला नसेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती रडायला लागली, तेव्हा नीवेसने तिला रुमाल दिला आणि ती स्वतः डीनकडे गेली.

डीन हॉवर्ड टिल्सन अमेरिकेतून दोन वर्षांसाठी आले होते, त्याला आता एकोणीस झाली होती. माणूस भला, पण वारा सुटला की आधी खिडक्या लावून घेणारा. त्यांनी पान वाचलं, उठून दार लावलं आणि खाली बसले.

"नीवेस, हे मला आज नसतं सांगितलंत तर बरं झालं असतं."

"दुरुस्तीचं पत्र पाठवू या. अजून दहा दिवस आहेत."

"आणि त्यात काय लिहू? ती डॉक्टर नाही एवढंच? मग ते विचारतील, काय आहे. त्यांच्या नव्या नियमात रजिस्ट्रारला पदवी हवी. पदवी नसलेली बाई चारशे मुलांच्या पदव्या खऱ्या ठरवते, हे वाचून काय करतील? तुमच्या जागी दुसरं माणूस आणा म्हणतील. निदान."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काही नाही. कोण विचारतंय? भेट होऊ द्या. मग गुपचूप दुरुस्त करू." "मी तुम्हाला वाचवायला बघतोय, बाई."

नीवेसला ते पटलंही. घरात म्हातारी आई आहे, वय त्रेपन्न, दुसरीकडे कोण घेणार? खरं सांगावं तर खुर्ची जाते. न सांगावं तर खुर्ची राहते, पण त्या कुंड्यांच्या खोक्यासमोर उभं राहायला तोंड राहत नाही. ती परत जागेवर आली. पान दोनशे बारा तिने नीट टाइप केलं: 'नीवेस गोदिना, रजिस्ट्रार. पदवी: नाही. एकोणीस विषय उत्तीर्ण.' ते छापून तिने वरच्या खणात ठेवलं. दहा दिवस ते तिथेच होतं. रोज पेन्सिल काढायला खण उघडला की दिसायचं.

समिती आली त्या दिवशी बोरा सुटला होता. डोंगरावरून समुद्राकडे धावणारा हा वारा फेब्रुवारीत माणसं उचलून नेतो. कोपऱ्यांवर धरायला दोर बांधतात. समितीतले तीनही जण विस्कटलेले, लाल नाकांचे आत आले. त्यातल्या मिसेस हॅस्केल मेन राज्यातल्या एका कॉलेजच्या रजिस्ट्रार. साठीच्या, आखूड पांढरे केस, लोकरी जाकीट, खिशात चाकूने तासलेल्या तीन पेन्सिली. त्या थेट नीवेसच्या टेबलाशी येऊन बसल्या.

"डॉक्टर गोदिना, पाच फाइली काढा. कुठल्या ते मी सांगते."

पहिली झाली. दुसरी झाली. दर वेळी "डॉक्टर गोदिना" ऐकलं की नीवेस वरच्या खणाकडे बघायची. पलीकडे इलारिया टाइप केल्याचं नाटक करत होती. तिसरी फाइल आना ब्रेस्सान नावाच्या मुलीची. मिसेस हॅस्केलची पेन्सिल एका ओळीवर थांबली.

"हिचे संख्याशास्त्राच्या परीक्षेचे अर्ज दोन आहेत. गुण एकच आहे. पहिल्या वेळचा कुठे गेला?"

"तिने घेतला नाही."

"घेतला नाही म्हणजे?"

नीवेसने रीत सांगितली. मिसेस हॅस्केलने चष्मा काढला.

"आमच्याकडे गुण म्हणजे नाक. आवडो न आवडो, घेऊन फिरायचं."

"इथे एकदा 'नको' म्हणता येतं. नियमपुस्तकात आहे, पान एकतीस. सगळ्यांना सारखं."

"हं. छान आहे. मलाही दोनचार ठिकाणी म्हणायचं होतं." त्यांनी पेन्सिलीने कान खाजवला. "आणि कुणी नको म्हणून गेलं आणि परत आलंच नाही तर?"

"तर ते तसंच राहतं."

"असं होतं?"

टाइप करण्याचा आवाज थांबला. नीवेसने वरचा खण उघडला.

"होतं," ती म्हणाली. "माझं झालंय. मी डॉक्टर नाही, मिसेस हॅस्केल. मी पदवीधरसुद्धा नाही. परिशिष्ट चार, पान दोनशे बारा चुकलंय. हे बरोबर पान."

मिसेस हॅस्केलने चष्मा लावला आणि ते पान दोनदा वाचलं.

"चूक कधी कळली?"

"अकरा दिवसांपूर्वी. दुसऱ्या दिवशी मी डीनना सांगितलं. ते म्हणाले, भेट होऊ द्या. मी ऐकलं आणि गप्प बसले. तेही लिहा."

"काय लिहायचं ते मी ठरवते." आवाज कोरडा होता. "कुठला विषय होता?"

"लॅटिन. चोवीस मिळत होते."

"तुमच्या तक्त्यात चोवीस म्हणजे?"

"बी मायनस."

"बी मायनससाठी तीस वर्षं," मिसेस हॅस्केल म्हणाल्या आणि चौथी फाइल ओढली.

पाच म्हटल्या होत्या, त्यांनी चोवीस फाइली बघितल्या. दुपारी दोनपर्यंत एक शब्द जास्तीचा बोलल्या नाहीत. शेवटची मिटून म्हणाल्या, "कॉफी कुठे मिळेल? यंत्रातली नको."

दोघी दोराला धरून कोपऱ्यापर्यंत गेल्या. बारमधल्या सेर्जोने दार धरलं. "या, दोत्तोरेस्सा! वाऱ्याने आणलंत वाटतं!" मग त्याने मिसेस हॅस्केलकडे बघितलं. चष्मा बघितला. काखेतली फाइल बघितली. आणि वाकून म्हणाला, "आणि या दोत्तोरेस्सांना काय देऊ?"

"काय म्हणाला हा?"

"तुम्हालाही डॉक्टर केलं."

मिसेस हॅस्केल थांबल्या. "पण मी नाहीये. साधी एम. ए. आहे. हा मला ओळखत तरी कुठे?"

"चष्मा आहे ना. आणि फाइल."

"सांगा त्याला, मी डॉक्टर नाही म्हणून."

नीवेसने सांगितलं. सेर्जो हसला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाईसाहेब किती साध्या आहेत! खरी शिकलेली माणसं अशीच," आणि त्याने कॉफीबरोबर एक बिस्किट जास्तीचं ठेवलं.

नीवेसने तेही सांगितलं. मिसेस हॅस्केल त्या बिस्किटाकडे बघत राहिल्या. मग एकदम एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "तीस वर्षं?" त्या म्हणाल्या. "हे असं रोज?"

"रोज. बिस्किट मात्र मला कधी मिळालं नाही."

चौथ्या दिवशी सकाळी मोठ्या दालनात समितीने आपलं म्हणणं वाचून दाखवलं. मानांकन दहा वर्षांसाठी कायम. डीन टिल्सननी डोळे मिटले. नवीन सागरी पर्यावरण अभ्यासक्रमाला आणखी एक प्राध्यापक हवा. ग्रंथालय रविवारीही उघडं ठेवावं. मग मिसेस हॅस्केल उभ्या राहिल्या. परिशिष्ट चारमध्ये एक पात्रता चुकीची छापली आहे, त्यांनी वाचलं. ती चूक स्थानिक संबोधनातून झाली असून हेतू फसवण्याचा दिसत नाही. तीस दिवसांत दुरुस्त करावी. ती कळल्यावर तत्काळ कळवली गेली नाही, ही व्यवस्थापनाच्या दृष्टीने खेदाची बाब आहे. डीननी डोळे उघडले. तपासलेल्या फाइली अत्यंत स्वच्छ आहेत. तथापि रजिस्ट्रारला पदवी असणं आवश्यक आहे. सध्याच्या रजिस्ट्रारने तीन वर्षांत ती मिळवावी; न मिळाल्यास दुसरी नेमणूक करावी. तोपर्यंत प्रत्येक गुणपत्रकावर पदवीधर सहकाऱ्याची दुसरी सही असावी.

दुसरी सही म्हणजे इलारियाची. नीवेसला ते चांगलंच लागलं. त्या दुपारी तिने पेचकस आणून दारावरची पाटी काढली. खाली दोन भोकं आणि एक फिकट चौकोन राहिला.

डीन जिन्यात भेटले. "तुम्ही मला बुडवलंत," ते म्हणाले.

"मीही त्याच होडीत होते."

ते दोन पायऱ्या उतरून परत वर आले. "कर्मचाऱ्यांना वर्गाची फी नसते," शेवटी म्हणाले. "माहीत आहे ना? नियम तुम्हीच लिहिलाय."

घरी आईने ऐकून घेतलं. "तीन वर्षं? मी एक्याऐंशीची आहे. जरा लवकर जमव."

नीवेसने कपाटामागून लॅटिनचं पुस्तक काढलं. खालच्या खणातून परीक्षेची निळी वही काढली, एकोणीस सह्यांची, आणि ती इलारियासमोर ठेवली. स्वतःची फाइल स्वतः तपासायची नाही, हाही नियम तिचाच. इलारियाने आठवडाभर छाननी केली आणि भीतभीत येऊन, आता दोत्तोरेस्सा न म्हणता साधं बाई म्हणत म्हणाली, "सिन्योरा, सोळा धरता येतात, तिथला एक म्हणजे इथले दोन. तीन विषयांचा जुना अभ्यासक्रमच कुठे मिळत नाही. कागद नाही, तर..."

"तर नाही," नीवेस म्हणाली. तिला रागही आला आणि बरंही वाटलं. पोरगी आपल्याच हाताखाली शिकली होती. "पुढे?"

"पुढे पदवीचा चौथा हिस्सा इथेच शिकायला हवा. दहा विषय. पहिल्या वर्षाचं चर्चासत्र धरून. आणि एक जुनी भाषा."

"लॅटिन."

"ग्रीकही चालते."

"लॅटिन," नीवेस म्हणाली.

अशी ती अठरा वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसली. पहिल्या दिवशी ओहायोच्या एका मुलीने विचारलं, "तुम्ही कुणाच्या आई?" तिच्या पहिल्या निबंधावर शेरा आला, 'विचार चांगले, पण वाक्यं परिपत्रकासारखी.' तो तिने तीनदा वाचला आणि घरी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "लग्नात भाषण केलं होतंस तेव्हाच मी हे म्हटलं होतं." चित्रकलेच्या इतिहासात तिला पहिल्यांदा कळलं की ज्या देवळासमोरून ती पन्नास वर्षं ये-जा करत होती त्याच्या कमानी दोन वेगवेगळ्या शतकांतल्या आहेत. त्यानंतर कितीतरी दिवस ती कामावर पाच मिनिटं उशिरा यायची.

लॅटिन शेवटी ठेवलं होतं. रूपं पाठ करायची, आणि चुका धरायला समोर आई, हातात पुस्तक उलटं की सुलटं धरलंय याची फिकीर न करता. "पुन्हा म्हण. अडखळलीस." दोन हिवाळ्यांत म्हातारीला इतकं लॅटिन आलं की शेजाऱ्याचं मांजर कुंडीत बसलं की ती त्याला आज्ञार्थात हाकलायची.

मुदत संपायला आठ महिने राहिले होते, तेव्हा जूनमध्ये परीक्षा झाली. प्राध्यापक लीवियो स्तांचिच इथेच शिकलेला, छत्तीस वर्षांचा. त्याचं पहिलं गुणपत्रक नीवेसने केलेलं. तिच्यापेक्षा तोच जास्त घाबरला होता. "बसा, सिन्योरा गोदिना," तो म्हणाला, आणि दुसरा शब्द ओठांवर येऊन गिळला हे तिला दिसलं.

उतारा वाचला. पहिलं वाक्य नीट सुटलं, दुसरं सुटलं. तिसऱ्यात एक क्रियापद होतं, शेपटीवर उभं राहिलेलं. तिने ते भूतकाळात धरलं. ते इच्छार्थ होतं. कळेपर्यंत अर्धा परिच्छेद वाकडा गेला होता. मागे येऊन तिने तो सरळ केला, पण वेळ गेला. मग दोन प्रश्न. एक आला, एक अर्धा आला.

लीवियोने कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"तेवीस," तो हळूच म्हणाला. बाहेर बाकावर मुलं कुजबुजत होती. "सिन्योरा, सप्टेंबरात परत खेप आहे. मुदतीत बसते. त्या एका क्रियापदाने घात केला, नाहीतर तुम्हाला सव्वीस-सत्तावीस सहज..." त्याने पेन खाली ठेवलं. "घेता?"

तेवीस. म्हणजे तेव्हापेक्षाही एक कमी. नीवेसला हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिला ती बावीस वर्षांची ताठ मानेची मुलगी दिसली, 'सप्टेंबरात येते' म्हणणारी. सप्टेंबरला काय लागतं? म्हटलं की येतो आणि जातो.

"घेते," ती म्हणाली. "लिहा लवकर."

सही झालेला कागद घेऊन ती खाली आली. इलारिया दारातच उभी होती. कागद बघून तिने तक्ता बघितला, मग परत कागद.

"सिन्योरा," ती आवाज उतरवून म्हणाली, "एकच गुण. चोवीस असते तर बी मायनस झालं असतं. शेवटच्या विषयाला अशी सवलत काही..."

"तक्ता कुणी केलाय?"

"तुम्ही."

"मग तेवीस म्हणजे काय?"

इलारियाने मान खाली घालून टाइप केलं. सी प्लस. नीवेसने खांद्यावरून वाकून अक्षर नीट पडलंय ना ते बघितलं आणि फोन उचलला. पहिल्याच घंटेला आईने घेतला. बहुतेक हात फोनवरच होता.

"किती?"

"तेवीस."

"म्हणजे इतक्या वर्षांत एक कमीच झाला."

"हो."

"घेतलास ना?"

"घेतला."

"बरं केलंस," आल्बिना म्हणाली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आता येताना बटाटे घेऊन ये. आणि त्या सेर्जोकडे आज बिस्किट माग."